तिशीतलं 'बॅरेट्स': घाबरायचं किती, जपायचं किती?

'पित्त झालंय' हे वाक्य कधी ऐकू आलं नाही असं मराठी घर शोधूनच काढावं लागेल. सणाचं जेवण उशिरा झालं, पित्त. जागरण झालं, पित्त. उन्हातून आलं, डोकं दुखलं, तरी पित्तच. उपायही ठरलेले. आमसुलाचं सार, थंड दूध, नाहीतर फ्रिजवरच्या डब्यातली एखादी गोळी. त्यातून घरातल्या बाईचं पित्त तर कुणी फारसं मनावर घेत नाही. ती स्वतःही घेत नाही. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं. मग उठून घोटभर पाणी प्यायचं, उशीवर उशी ठेवायची आणि सकाळी पाचला पुन्हा डब्यांच्या मागे लागायचं. असं वर्षानुवर्षं चालतं.

बहुतेकींच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच राहते. थोड्या जणींच्या बाबतीत मात्र सतत वर येणाऱ्या आम्लामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तरच बदलून जातं. या बदलाला 'बॅरेट्स इसोफेगस' म्हणतात. हा साधारणपणे पन्नाशी उलटलेल्या पुरुषांचा आजार मानला जातो. बायकांपेक्षा पुरुषांत तो दुपटी-तिपटीने आढळतो. त्यामुळे एखादीला तिशीतच हे निदान झालं, की ती गोंधळून जाते. 'मलाच का?' हा प्रश्न तर असतोच, पण 'आता पुढची चाळीस-पन्नास वर्षं हे बरोबर घेऊन जगायचं?' हा प्रश्न त्याहून मोठा असतो.

माझ्या ओळखीतली एक मुलगी यातून गेली आहे. वय तेहेतीस, बँकेत नोकरी, चार वर्षांची लेक. नाव देऊ नका, पण बाकी सगळं लिहा, असं तिनेच सांगितलं. लग्नाआधीपासून तिला ॲसिडिटी होती. बाळंतपणात ती वाढली, आणि पुढे कमी झालीच नाही. घास गिळताना छातीत दुखायला लागलं तेव्हा कुठे दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्ट तिने रिक्षातच उघडला. कळला नाही तो शब्द मोबाइलवर शोधला, तर दुसऱ्याच ओळीत कॅन्सर! घरी येऊन तिने भाजी-पोळी केली, लेकीला भरवलं आणि कुणाला काही बोलली नाही. तीन रात्री मुलीच्या अंगावर हात ठेवून ती नुसती जागी होती.

चौथ्या दिवशी तिने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पित्त कुणाला नसतं? तिखट कमी कर, होईल बरं." नवरा म्हणाला, "डॉक्टर लोक उगीच घाबरवतात." आई फोनवर रडायलाच लागली. तिघांनाही तिची काळजी होती, पण तिघांच्याही बोलण्याचा तिला उपयोग नव्हता. तिला हवं होतं ते एवढंच, की हे नेमकं काय आहे आणि मी काय करायचं, हे कुणीतरी सरळ सांगावं.

नेमकं होतं काय?

आपल्या अन्ननलिकेचं अस्तर साधारण तोंडाच्या आतल्या त्वचेसारखं असतं. घास सरकायला ते उत्तम, पण आम्ल सोसायला बनलेलं नाही. जठराचं अस्तर मात्र आम्ल सोसेल असं असतं. या दोहोंच्या मध्ये एक झडप असते. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर चढतं आणि अन्ननलिकेला पोळतं. पोळलेली जागा भरून येते, पुन्हा पोळते. असं वर्षानुवर्षं चाललं की काहींच्या शरीरात तिथे वेगळ्याच पेशी तयार होतात. या पेशी पुष्कळशा आतड्याच्या पेशींसारख्या असतात आणि आम्लाला जास्त टिकाव धरतात. शरीराने स्वतःपुरती केलेली ही एक तडजोडच म्हणायची.

या तडजोडीत एक फसवी गोष्ट आहे. नव्या अस्तराला आम्ल पूर्वीइतकं झोंबत नाही. त्यामुळे काही जणींची जळजळ उलट कमी होते आणि 'झालं बाई बरं' असं वाटतं. म्हणूनच जळजळ थांबली यावरून आजार गेला असं समजू नये.

नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदाच्या नावाने हा आजार ओळखला जातो. त्याने १९५० साली यावर लेख लिहिला, तेव्हा त्याला वाटलं होतं की अन्ननलिका आखूड असल्यामुळे जठरच वर छातीत ओढलं गेलं आहे. ॲलिसन आणि जॉनस्टन या दोघांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की ती अन्ननलिकाच आहे, फक्त तिचं अस्तर बदललं आहे. पुढे १९५७ मध्ये बॅरेटनेही ते मान्य केलं. आजही नुसतं दुर्बिणीतून पाहून हे निदान पक्कं होत नाही. तिथले छोटे छोटे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

'कॅन्सरपूर्व' म्हणजे किती पूर्व?

सगळी झोप उडवतो तो हा शब्द. बॅरेट्समधून अन्ननलिकेचा एक प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो, हे खरं आहे. पण किती जणांना? डेन्मार्कमध्ये ११,०२८ रुग्णांचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला सुमारे ०.१२ टक्के, म्हणजे हजारात एखाद्या रुग्णाला कॅन्सर झाला. काही अभ्यासांत हा आकडा थोडा जास्त आला आहे, पण ज्यांच्या पेशींत पुढची बिघाडाची लक्षणं नाहीत त्यांच्यासाठी तो वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. बॅरेट्स असलेल्या बहुसंख्य लोकांना हा कॅन्सर आयुष्यात कधीही होत नाही.

मग काळजी करायचीच नाही का? तसंही नाही. साठीतल्या माणसापुढे वीस वर्षं असतात, तिशीतल्या मुलीपुढे पन्नास. वर्षाचा धोका लहान असला तरी त्याची बेरीज होत जाते. म्हणून तरुण वयात निदान झालं तर लक्ष ठेवणं जास्त गरजेचं. ते जास्त काळ ठेवायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'माझे दिवस भरले' असा नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी गल्लत करते. भारतात अन्ननलिकेचा कॅन्सर म्हणून जो जास्त आढळतो, तो वेगळ्या प्रकारचा. त्याचं नातं तंबाखू, सुपारी, दारू यांच्याशी अधिक आहे. ओळखीतल्या कुणाच्या तरी काकांना 'अन्ननलिकेचा' झाला होता आणि ते सहा महिन्यांत गेले, ही गोष्ट ऐकवणारं कुणी ना कुणी भेटतंच. ती गोष्ट आपली असेलच असं नाही, हे मनाशी पक्कं धरावं.

रिपोर्ट नीट वाचून घ्या

डॉक्टरांसमोर बसलं की निम्मे प्रश्न विसरायला होतात. म्हणून ते कागदावर लिहूनच न्यावेत. बरोबर घरातलं एक शांत डोक्याचं माणूस न्यावं. हे चार प्रश्न जरूर विचारा:

• बदललेल्या अस्तराची लांबी किती सेंटिमीटर आहे? (एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर आजकालच्या निकषांप्रमाणे त्याला सहसा बॅरेट्स म्हणत नाहीत.)

• तुकडा तपासला का? त्यात आतड्यासारख्या पेशी सापडल्या का?

• 'डिसप्लेशिया' आहे का? असला तर कमी प्रमाणात की जास्त? दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने काचपट्ट्या पाहिल्या आहेत का?

• पुढची दुर्बीण कधी?

डिसप्लेशिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडू लागणं. कॅन्सरच्या वाटेवरची ही पायरी. सारा उपचार या एका शब्दावर ठरतो. डिसप्लेशिया नसेल तर गोळ्या आणि ठराविक मुदतीने तपासणी. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लांबी तीन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाच वर्षांनी, तीन किंवा जास्त असेल तर तीन वर्षांनी पुन्हा पाहतात. आपले डॉक्टर आपली प्रकृती पाहून यात फेरफार करतील.

डिसप्लेशिया निघालाच, तरी हातपाय गाळायचं कारण नाही. पोट न फाडता, दुर्बिणीतूनच ते अस्तर उष्णतेने जाळून टाकता येतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, या उपचारानंतर वर्षभराने दहापैकी आठ-नऊ रुग्णांत डिसप्लेशिया पूर्ण नाहीसा झालेला दिसला. अर्थात त्यासाठी तो वेळेत सापडायला हवा.

माझ्या मैत्रिणीचा रिपोर्ट दोन सेंटिमीटरचा होता, डिसप्लेशिया नव्हता. डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांनी या. तुम्हाला वाटेल तिने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. उलट ती आणखीच घाबरली. "पाच वर्षं कुणी बघणारच नाही? मला दर सहा महिन्यांनी करायची तयारी आहे," असं ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं, की हा बदल फार हळू होतो, वारंवार दुर्बीण केल्याने तो थांबत नाही, आणि प्रत्येक तपासणीबरोबर भूल, खर्च, रजा आणि रिपोर्टची वाट पाहण्याचा ताण येतो. मधल्या काळात घास अडकू लागला, वजन घटू लागलं तर पाच वर्षं थांबायचं नाही, हेही बजावलं. तिला धीर आला तो या बोलण्याने.

गोळी कधी, किती दिवस?

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीच्या गोळ्या आम्ल तयार होणं कमी करतात. त्यांनी बदललेलं अस्तर सहसा पूर्ववत होत नाही, पण पोळणं थांबतं. गंमत म्हणजे बऱ्याच जणी ही गोळी चुकीच्या वेळी घेतात. सकाळी आधी चहा, मग सगळ्यांचे डबे, मग आठवेल तेव्हा अकरा वाजता गोळी! तिचा पुरा उपयोग व्हायचा तर ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी पोटात जायला हवी. टूथब्रशच्या शेजारीच ठेवलीत तर विसरणार नाही.

'इतकी वर्षं गोळी? हाडं ठिसूळ होतील, मूत्रपिंडं जातील,' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर तीन वर्षं केलेला पँटोप्राझोलचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत फ्रॅक्चर किंवा मूत्रपिंडाचा विकार वाढलेला दिसला नाही, पोटाचे जंतुसंसर्ग तेवढे थोडे जास्त झाले. तीन वर्षं म्हणजे जन्मभर नव्हे, हे खरं. म्हणून अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावं. शाकाहारी बायकांनी तर नक्कीच, कारण त्यांच्यात ते मुळातच कमी असू शकतं. पण कुणाच्या सांगण्यावरून गोळी एकदम बंद करू नये. तशी केली तर आम्ल उसळून वर येतं आणि त्रास वाढतो. दुसऱ्या कुठल्या पद्धतीचं औषध घ्यायचं असेल तर तेही डॉक्टरांना सांगून घ्यावं, दुर्बिणीची तारीख न मोडता.

स्वयंपाकघरातलं घड्याळ

पथ्य म्हटलं की आपल्याला तिखट-तेलकट आठवतं. ते कमी करावंच. पण काय खाता याइतकंच कधी खाता हेही महत्त्वाचं. जेवण आणि आडवं होणं यात तीन तासांचं अंतर हवं. आता सांगा, किती घरांत हे जमतं? नवरा नऊला येणार, सगळ्यांना वाढून बाई साडेनऊला जेवणार, ओटा आवरून साडेदहाला पाठ टेकणार. आम्लाला वर यायला याहून सोयीची वेळ नाही.

माझ्या मैत्रिणीने इथेच बदल केला. ती लेकीबरोबर पावणेआठला जेवायला लागली. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. पहिले काही दिवस तिलाच चोरट्यासारखं व्हायचं. सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण बघत होत्या. मग आली संकष्टी. दिवसभर चहावर उपास, चंद्रोदय रात्री नऊनंतर, त्यावर मोदक, वरण-भात आणि लगेच झोप. त्या दिवशी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "नैवेद्य मी दाखवते. तू सातला जेवून घे. गणपतीला कळतं गं कुणाला काय पथ्य आहे ते." त्या एका वाक्याने गोळीइतकंच काम केलं, असं ती म्हणते.

आणखी काही साध्या गोष्टी. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवा. नुसत्या उशा रचल्या तर मान वर येते, पोट मात्र दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. परकराची किंवा सलवारची नाडी करकचून बांधू नका. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करा, कारण पोटावरची चरबी जठरावर दाब आणते. चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना यांतलं काय बाधतं हे प्रत्येकीचं वेगळं असतं. महिनाभर वहीत लिहून पाहा आणि जे खरंच बाधतं तेवढंच सोडा. सगळंच सोडून बसलात तर जेवणाचीच भीती वाटायला लागेल. आणि मशेरी! 'तंबाखू खात नाही, फक्त दात घासते' असं म्हणणाऱ्या बायका अजूनही आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती सोडलीच पाहिजे.

लग्न, बाळंतपण, विमा

पन्नाशीच्या पुरुषाला जे प्रश्न पडत नाहीत ते तिशीच्या मुलीला पडतात. स्थळ बघताना हे सांगायचं का? माझ्या मते सांगावं. हा आजार संसर्गजन्य नाही, मूल होण्यात आड येत नाही. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक जणांना झालेला दिसतो, पण सहसा आईला आहे म्हणून मुलीला होतोच असं नाही. लपवून ठेवलं तर गोळ्याही लपवाव्या लागतात, तपासणीही. ज्या घरात गोळी उघड घेता येत नाही त्या घरात तारीख पाळणं कठीण.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैल होते, वाढत्या गर्भाचा दाबही येतो, त्यामुळे जळजळ वाढते. बॅरेट्स नसलेल्यांनाही ती होते. तेवढ्यावरून आजार पुढे गेला असं समजू नका. गोळ्या कोणत्या चालतील हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ मिळून ठरवतील. नेहमीची तपासणी बहुधा बाळंतपणानंतरवर ढकलता येते.

आरोग्यविमा घेताना निदान लपवू नका. २०२४ साली आलेल्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. खरं सांगून तीन वर्षं थांबणं परवडतं, ऐनवेळी दावा नाकारला जाणं परवडत नाही.

मनाचं काय?

सुरुवातीचे काही महिने प्रत्येक ढेकर, प्रत्येक दुखणं कॅन्सरचं वाटतं. रात्री मोबाइलवर शोधत बसलं की भीती वाढतच जाते. त्यापेक्षा शंका वहीत लिहाव्यात आणि डॉक्टरांना विचाराव्यात. घरात एकाला तरी सगळं खरं सांगावं. महिने उलटले तरी झोप लागत नसेल, लेकरावर विनाकारण चिडचिड होत असेल, तर समुपदेशकाची मदत जरूर घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

घरच्यांनाही एक सांगणं आहे. 'पित्तच तर आहे' असं म्हणून तिची भीती उडवून लावू नका आणि तिच्यासमोर रडतही बसू नका. त्यापेक्षा एक दिवस रात्रीचं वाढायचं काम तुम्ही घ्या. तपासणीच्या दिवशी भूल दिलेली असते, तेव्हा तिला घरी आणायला या.

हे वाचून मनात शंकेची पाल चुकचुकली असेल, तर ऐका. प्रत्येक पित्ताला दुर्बीण लागत नाही. पण घास अडकत असेल, न करता वजन घटत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, रक्त सारखं कमी भरत असेल, तर आज-उद्या न करता डॉक्टरांकडे जा. पाच-सहा वर्षं जळजळीची गोळी स्वतःच्या मनाने घेत असाल, तरीही एकदा नीट दाखवून घ्या.

आणि ज्यांचं निदान झालं आहे त्यांनी तारीख सांभाळावी. लेकीचा डोस, सासऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी, विम्याचा हप्ता, सगळ्यांच्या तारखा बाईला पाठ असतात. मागे पडते ती तिची स्वतःची. आधी परीक्षा, मग लग्नसराई, मग दिवाळी, आणि पाच वर्षांची बघता बघता आठ होतात. बॅरेट्समध्ये घाबरण्यासारखं काही असेल तर ते हे राहून जाणं. माझी मैत्रीण दर जानेवारीत नवं कालनिर्णय भिंतीला लावते, तेव्हा शेवटच्या पानावर आपल्या पुढच्या तपासणीचा महिना आणि साल लाल पेनने लिहिते. यंदा ते तिच्या लेकीने लिहिलं.